आधी मुरूम, मग डाग

मुरमांना औषध लागत नाही, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. ते वयाबरोबर येतात आणि वयाबरोबर जातात. तोवर तोंड धुवावं, तळलेलं कमी खावं, चेहऱ्याला हात लावू नये. आज मी याच्या उलट बोलते.

माझी त्वचा तेलकट. डोंबिवलीच्या दमट हवेत दुपारपर्यंत कपाळ आणि नाक चकाकायला लागतं. कॉलेजात सुरू झालेले मुरूम पुढेही हनुवटीवर येत राहिले. पण मला सलायचे ते मागे उरणारे डाग. सगळा खर्च आणि श्रम त्यांच्यावर: चंदन, हळद, मुलतानी माती, लिंबाचा रस. नवा मुरूम उठला तर तो आपोआप जाईल म्हणायचं.

मत बदललं ते एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंमुळे. त्यांनी माझ्या हातात आरसा दिला, दिवा बाजूने धरला आणि गालाची कातडी दोन बोटांनी ताणली. काळे डाग नुसते रंगाचे होते, कातडी तिथे सपाटच होती. खळगे वेगळे. काही ताणल्यावर दिसेनासे झाले, काही सुई टोचल्यासारखे खोल तसेच राहिले. डाग म्हणजे सूज ओसरल्यावर साचलेलं मेलॅनिन. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत ते जास्त साचतं, पण नियमित सनस्क्रीन लावलं तर काही महिन्यांत फिकं होत जातं. खळग्यात मात्र आतलं कोलॅजनच गेलेलं असतं. मायक्रोनीडलिंग, सबसिजन, लेसर यांनी तो उथळ होतो, पुरता जात नाही. आणि सूज जितकी खोल, जितकी लांबलेली, तितकी तो पडण्याची भीती जास्त. म्हणजे मी ज्याच्या मागे लागले होते ते बरंचसं आपोआप जाणारं होतं, आणि जे आपोआप जाईल म्हणत होते तेच खळगे पाडत होतं.

तेल चेहऱ्यावर दिसतं, पण अडचण आत असते. ग्रंथी हार्मोनमुळे जास्त तेल सोडतात, मृत पेशींनी छिद्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. साबणाने कितीही घासलं तरी तिथवर हात पोचत नाही. वरचं आवरण तेवढं दुखावतं. म्हणून तेलकट त्वचेलाही हलकं मॉइश्चरायझर लागतं, हे पटायला मला सगळ्यांत जड गेलं. लावायच्या औषधांपैकी अ‍ॅडापलीन ०.१ टक्का रात्री वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्यावर लावायचं, नुसतं मुरमावर ठिपका देऊन उपयोग नाही. पहिले काही आठवडे कातडीचे पापुद्रे सुटतात, कधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात, आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी कळतो. बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्क्यांचं पुरतं, १० टक्क्यांनी जळजळ तेवढी वाढते. (उशीचे अभ्रे पांढरे ठेवा, रंग उडतो.) गर्भारपणात अ‍ॅडापलीन टाळतात. तीव्र मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी गर्भाला गंभीर इजा होऊ शकते, त्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊच नयेत.

जी भीती मी सोडलेली नाही ती मेडिकलच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या मिश्र मलमांची. त्यांतल्या स्टेरॉइडने चेहरा चार दिवस उजळतो, मग कातडी पातळ, लाल होते आणि मुरूम उसळतात. केंद्र सरकारने २०१८ साली अशी बरीच मलमं चिठ्ठीच्या औषधांत घातली, तरी ती मागितली की मिळतात, याचा मला राग येतो.

दोन-चार पुटकुळ्यांसाठी दवाखान्यात धावावं असं मी आजही म्हणणार नाही. पण दुखणाऱ्या गाठी येत असतील, एक खळगा जरी दिसू लागला असेल, तर थांबू नये. आपल्याकडे मुलीला दाखवायचा कार्यक्रम जवळ आला की चेहऱ्याकडे लक्ष जातं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मुलाच्या बाबतीत तेवढंही नाही. ‘मुलगा आहे, त्याला काय करायचंय’ असं आई-वडीलच म्हणतात, आणि गाठींचे तीव्र मुरूम तर किशोरवयीन मुलांतच जास्त दिसतात. माझ्या भाच्याला नववीत ते सुरू झाले तेव्हा मी ताईशी भांडून त्याला डॉक्टरांकडे नेलं.