टायरची आतली कड

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमची जीप आळीच्या तोंडाशी उभी होती. १९९७ सालची, पाट्यांवरची, वडिलांनी घेतलेली. दीड दिवस ती बॉनेटपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर मी तिचं काय काय केलं ते सगळं वहीत लिहून ठेवलं आहे. इंजिन ऑइल दोनदा बदललं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल बदललं, स्टार्टर उघडून वाळवला, ब्रेक साफ केले, चाकांची बेअरिंगं धुऊन नवं ग्रीस भरलं. त्या पानावर टाय रॉडचे एंड नाहीत, किंग पिन नाही. चाकं वळवणारे ते सांधेही त्याच पाण्यात होते. ते मला सुचलेच नाहीत.

वर्षभरात स्टिअरिंगला प्ले आला. सरळ रस्त्यावरही हात सतत इकडून तिकडे करावा लागे. बहीण पाटणला असते, त्यामुळे कुंभार्ली घाट आम्हाला नेहमीचा. पोफळी मागे टाकून चढ लागला की गाडी आपल्या मनाने रस्ता शोधायची. बायकोने दोनदा विचारलं, "ही अशी का डुलते?" मी म्हटलं, जुनी गाडी आहे, असायचंच. ही माझी पहिली चूक, आणि पुढच्या साऱ्या चुका तिच्यातूनच निघाल्या. वयाने लोखंड सैल होत नाही. कुठला तरी ठरावीक भाग झिजलेला असतो, आणि तो शोधता येतो.

दुसरी चूक जास्त गंभीर. स्टिअरिंग बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू असतो. लॉकनट सैल करून तो आत फिरवला की आतले दाते जवळ येतात आणि प्ले कमी होतो. ते मला ठाऊक होतं, म्हणून मी थेट तिथेच पाना लावला. चाक हलण्याआधी स्टिअरिंग चार बोटं फिरायचं, ते अडीच बोटांवर आलं. मला वाटलं, जमलं. पण तो स्क्रू इतका आवळला गेला होता की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ व्हायचं थांबलं. आठवड्याभराने घाट उतरताना एका आखूड वळणावर ते वळलेलंच राहिलं आणि मी उलट फिरवेपर्यंत पुढची चाकं पलीकडच्या बाजूला गेली. समोरून एसटी येत होती. तिच्या चालकाने ब्रेक मारला म्हणून निभावलं. शेजारच्या सीटवर माझी मुलगी होती. स्क्रू अर्धा फेरा मागे घेतला, पण कारण शोधायला तेव्हाही लागलो नाही.

टायरांचं कळलं ते पंक्चरमुळे. चाक काढल्यावर दिसलं की डाव्या टायरची आतली कड पार गुळगुळीत झाली आहे. बाहेरून नक्षी चांगली दिसत होती. गाडीशेजारी उभं राहून टायर पाहिला तर आतली कड दिसतच नाही. त्यासाठी खाली वाकावं लागतं किंवा चाक पूर्ण वळवून ठेवावं लागतं. मी काय केलं? पुढचे दोन्ही मागे टाकले, मागचे पुढे घेतले. काही महिन्यांत तेही आतून झिजले. आता कुठला टायर कुठे किती धावला हे मलाच सांगता येईना, म्हणजे कारणाचा मागही मीच पुसला. मग दोन नवे टायर घेतले आणि अलाइनमेंट करून घेतली. कागदावर सगळे आकडे बरोबर आले. चार हजार किलोमीटरनंतर नव्या टायरवरून तळवा फिरवला, तर एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला.

शेवटी गोवळकोट रोडच्या एका वयस्क फिटरकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी इंजिन बंद ठेवलं, चाकं जमिनीवरच ठेवली, मला स्टिअरिंगवर बसवून थोडंथोडं डावीउजवीकडे हलवायला सांगितलं आणि स्वतः खाली शिरले. मिनिटभराने बाहेर आले.

"सर, आता तुम्ही खाली जा. मी वर बसतो. सांध्यावर बोट ठेवा."

ठेवलं. टाय रॉड सरकत होता, पण त्याच्या टोकाची पिन जागेवरच. मग कट् असं बोटाला लागायचं आणि नंतर चाक हलायचं. रबरी टोपी फाटलेली होती. तिच्यातून ग्रीसऐवजी तांबूस चिखल निघाला, सुकलेला. दुसऱ्या टोकालाही तेच.

मग जॅक लावून त्यांनी चाक वरून आणि खालून धरून हलवलं. डावं हललं. मला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवलं, तरी हललं. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला असता, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा होता. तो राहिला, म्हणजे किंग पिन गेली. डावा टायर उजव्यापेक्षा जास्त का झिजला, तेही इथेच उलगडलं: चाक वरच्या बाजूने आत कललं होतं. आणि अलाइनमेंट? ती उभ्या गाडीची असते. गाडी धावू लागली की रस्ता पुढच्या चाकांना मागे रेटतो, ढिले सांधे तेवढी वाट देतात आणि चाकांची तोंडं बाहेरच्या बाजूला फाकतात. त्या स्थितीत टायर आतून घासत राहतो. म्हणजे आधी सांधे, मग अलाइनमेंट; मी उलट क्रमाने पैसे घातले होते.

टाय रॉड एंड आणि किंग पिनची बेअरिंगं बदलायला एका टायरच्या किमतीहून कमी खर्च आला. बॉक्स मात्र उघडावा लागला. मी आवळल्यामुळे मधल्या दात्यांवर ओरखडे आले होते. ते काम सांध्यांपेक्षा महाग पडलं, आणि ते पुराचं नव्हतं, माझं होतं.

त्या ढिल्या महिन्यांत शेजारचे काका ही गाडी दोनदा कराडला घेऊन गेले होते, काकूंना दवाखान्यात न्यायला. काम झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगितलं, माफी मागितली. ते म्हणाले, "ओढत होती खरी. पण गाडी तुझी, म्हटलं तुला ठाऊक असेल."