नागपूरला न आलेली नाव

धंतोलीतल्या माणसाला आगगाडीची शिट्टी इतकी अंगवळणी पडलेली असते, की रात्री तिने दचकतो तो पाहुणा, यजमान नव्हे. पण याच वस्तीच्या कडेने वाहणाऱ्या नाग नदीकडे पाहून कुणाला नावेची आठवण झाल्याचे ऐकिवात नाही. आणि तरीही वाचकहो, एके काळी या मुलखाचा कापूस नावेने समुद्रावर पोचवायचा बेत चांगला मंजूर होऊन कामालाही लागला होता!

नकाशा उघडून पाहा. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एक झाल्या की तिची प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशी ती गोदावरीत शिरते. म्हणजे धंतोलीच्या पुलाखालचे पाणी अखेर राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागराला जाते.

राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला सर आर्थर कॉटन यांनी 1852 साली गोदावरीवर बंधारा पुरा केला. त्याचे कालवे शेते भिजवीत आणि नावाही वाहून नेत. हाच जलमार्ग वर्धेपर्यंत वर न्यावा, म्हणजे हिंगणघाटचा कापूस काकिनाडा बंदरात उतरेल, असा कॉटनसाहेबांचा ध्यास होता. गृहस्थाचे आडनावच कापूस. त्याला दुसरे काय सुचणार! तोवर हा माल वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरला जात असे. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि योजनेला जोर चढला. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल हेही तिचे पुरस्कर्ते.

नाव हवी होती सपाट बुडाची, थोड्या पाण्यावर तरंगणारी. पण वाटेत खडकांचे तीन अडसर होते: दुम्मुगुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीकडचे देवलमरी. तिथे नदीच्या बाजूने कालवा काढून त्यात दोन दारांच्या कोठ्या बांधायच्या. नाव कोठीत आली, की खालचे दार लावायचे आणि वरून पाणी सोडायचे. पाणी चढेल तशी नाव चढते. जिना चढावा, तशी ती खडक ओलांडते.

युक्ती नामी होती. अडले ते पंचांगात! नदीला भरपूर पाणी असते पावसाळ्यात, आणि कापसाची वेचणी सुरू होते दिवाळीच्या सुमारास. गाठोडी बांधून होईतो नदी ओसरून खडक उघडे पडलेले. मग माल पुढच्या आषाढापर्यंत काठावर पडून राहायचा. सावकाराचे व्याज मात्र पावसाची वाट पाहत नसते.

आगगाडीला ऋतूचे बंधन नव्हते. 1867 साली मुंबईची गाडी नागपूरला आली, आणि नावेचे नशीब तिथेच ठरले. 1871 साली कामे बंद झाली. दहा वर्षे घाम गाळून, हिवतापाने माणसे खचवून उभारलेले बांधकाम जंगलाच्या स्वाधीन झाले. दुम्मुगुडेमचा बंधारा मात्र आजही उभा आहे.

1877 साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल काढली आणि थोडा कापूस नागपुरातच सूत होऊ लागला. रुळांपलीकडच्या बाजाराला अजून ‘कॉटन मार्केट’ म्हणतात. ते नाव साहेबाचे नव्हे, कापसाचे. पण साहेबाला ते आवडले असते.