तिसगावची सुगी आणि कोरियाचा चंद्र

अहिल्यानगरहून पाथर्डीच्या वाटेला लागल्यावर करंजी घाटापलीकडे तिसगाव लागते. हा मुलूख कमी पावसाचा. खरिपाची भिस्त बाजरी, तूर आणि कपाशीवर. बाजरी खळ्यावर आली की नवे धान्य बाजारात उतरते आणि दुकानदाराच्या वहीतील उधारीही फिटू लागते. म्हणून सुगी शेतकऱ्याइतकीच व्यापाऱ्याचीही असते.

सुगीचा आनंद घटस्थापनेपासून दिसू लागतो. घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत उगवते आणि दसऱ्याला ते कोवळे अंकुर टोपीत खोवले जातात. याच दिवसांत पाथर्डीजवळ मोहटादेवीच्या गडावर भाविकांची रीघ लागते. पुढे कोजागिरीला चांदण्यात दूध आटवले जाते.

त्याच चंद्राखाली दूर कोरियातही सुगीचा सण होतो. त्याचे नाव चुसोक. तेथील चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेला तो येतो. ही पौर्णिमा कधी आपल्या भाद्रपदाची असते, तर कधी आश्विनाची. २०२५ साली ६ ऑक्टोबरला चुसोक आणि कोजागिरी एकाच दिवशी आले. नव्या तांदळाच्या पिठात तीळ वा कडधान्याचे सारण भरून अर्धचंद्राच्या आकाराचे ‘सोंगप्यॉन’ करतात आणि पाइनच्या पानांवर वाफवतात. नवे अन्न प्रथम पूर्वजांपुढे ठेवले जाते. पितृपक्षातील पानाची येथे सहज आठवण व्हावी. चांदण्यात हात धरून फेर धरणाऱ्या स्त्रियांच्या ‘गांगगांगसुल्ले’ या नृत्याला युनेस्कोने २००९ मध्ये वारसा यादीत स्थान दिले. आपल्या भोंडल्याची ती जणू दूरची बहीणच.

एका बाबतीत मात्र दोन्ही सुगींच्या वाटा वेगळ्या होतात. चुसोकला कोरियातील शहरे रिकामी होतात आणि माणसे गावाकडे परततात. पाथर्डी तालुक्यात दसरा-दिवाळी सरली की असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या पट्ट्याकडे निघतात. घरी उरतात म्हातारी माणसे. बाजारपेठही मंदावते. गेलेली माणसे परततात ती गुढीपाडव्याच्या सुमारास.

लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडताना त्यांच्या नावांपुढील बाकी पुढच्या पानावर ओढली जाते. ती फिटेल, या विश्वासावर पेढी आणि गाव एकमेकांना धरून राहतात.