एकसष्टाचें उत्तर

मोठी संख्या पाहिली म्हणजे मन दिपतें. पण मोठेपण हा संख्येचा गुण म्हणावा, तर तींत एक मिळवितांच तिच्याहून मोठी तयार होते. संख्या केवढी आहे यापेक्षां ती कोणत्या प्रश्नास पुरी पडली हें पाहावें, असें आम्हांस वाटतें.

आम्हां खानदेशकरांना याचें उदाहरण दूर शोधावयास नको. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या बीजगणितांत एक प्रश्न आहे : कोणत्या संख्येच्या वर्गास एकसष्टांनीं गुणून एक मिळविला असतां पुन्हा वर्गच येतो? हाच प्रश्न एकसष्टाच्या शेजाऱ्यांना घालून पाहावा. साठाचें काम चारांत भागतें. ९६० मध्यें एक मिळविला कीं एकतिसाचा वर्ग. बासष्टास आठ पुरतात. तेथें त्रेसष्टाचा वर्ग मिळतो. मधल्या एकसष्टास मात्र लहानांत लहान संख्या लागते ती २२,६१,५३,९८०. आणि येणाऱ्या वर्गाचें मूळ १,७६,६३,१९,०४९! आचार्यांनीं हें उत्तर चक्रवाल रीतीनें काढलें. पुढें १६५७ सालीं फ्रान्समध्यें फर्मानें फ्रेनिकलास जें कोडें घातलें, त्यांतही हाच एकसष्ट होता.

यांतील पहिल्या संख्येचे अवयव पाडले तर दोन, तीन, पांच, तेरा, १२७ आणि ७६१ एवढेच मूळ अंक निघतात. त्यांपैकीं दोन आणि तीन दोनदां येतात. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या १४४ आहेत. तिच्या अंकांची बेरीज ३६, आणि छत्तिसांनीं तिला भाग जातो. अशा संख्यांना देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनीं 'हर्षद' हें गोड नांव दिलें. दुसरी संख्या विषम आणि तिच्या अंकांची बेरीज ४६. अर्थात् ती हर्षद नव्हे.

आतां या दोन गुणांचा दर्जा एक नाहीं. हर्षदपण हें दहांच्या पटीनें लिहिण्याच्या आपल्या चालीवर अवलंबून आहे. चाल बदलली तर तें टिकेलच असें नाहीं. अवयव मात्र कोणत्याही लिपींत तेच राहतात. तरीही पहिल्या गुणास आम्ही तुच्छ मानीत नाहीं. पाटीवर बेरीज करणाऱ्या मुलास संख्येची गोडी लागते ती बहुधा याच वाटेनें.

चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें आचार्यांचे नातू चांगदेव यांनीं त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. डॉ. भाऊ दाजींनीं उजेडांत आणलेला, शके ११२८ मधील दानाची नोंद करणारा तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो. त्यांतील मराठी भागांत बाजारच्या मालावरील राजाचें उत्पन्न मठास लावून दिलें आहे, आणि दर घाण्यामागें पळीभर तेलही. गूळ-धान्य विकणाऱ्या गांवानें गणिताच्या अभ्यासाचा भार उचलला, तो त्यापासून व्यापाराला कांहीं नफा होईल म्हणून खास नव्हे. आज हा गुणाकार यंत्र क्षणांत करतें. पण एकसष्टच असा अवघड कां, हें विचारणाऱ्या मुलासाठीं पळीभर तेल काढून ठेवणारें गांव आज आमच्या खानदेशांत किती?