बिनवाटेची टेकडी

पुण्यात आमच्या घराची ओसरी समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. म्हणजे ज्या जागी बसून आम्ही रोज सकाळचा चहा घेतो, ती जागा स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या नॉर्थ यूइस्ट बेटावरील सर्वांत उंच डोंगराहूनही दोनशे मीटरांनी उंच ठरते! त्या डोंगराचे नाव ईव्हल. उंची अवघी ३४७ मीटर. तारुण्यात दर आदितवारी सिंहगड चढणाऱ्याने अशा टेंगळाची काय तमा बाळगावी? गेल्या ज्येष्ठात ग्लासगोला मुलीकडे गेलो असता ह्या डोंगराचा बेत ठरला, तेव्हा आमच्या मनात हाच विचार होता.

काळजी होती ती कुटुंबाची. दोन वर्षांपूर्वी ती मोठ्या दुखण्यातून उठली आणि तेव्हापासून 'हे उचलू नको, तेथे जाऊ नको' हा आमचा नित्यपाठ होऊन बसला. तिला पायथ्याशी बसवून आपण एकट्यानेच वर जाऊन यावे, असे आम्ही योजिले होते. ते ऐकून ती काही बोलली नाही. बुटांचे बंद आवळून चालू मात्र लागली.

लॉख ईपोर्ट नावाच्या खाडीच्या दक्षिण काठाने जाणारा रस्ता एके ठिकाणी संपतो. तेथून पुढे काही अंतर पुसट पाऊलखुणा दिसतात आणि मग त्याही चिखलात विरून जातात. स्कॉटलंडात २००३ च्या कायद्याने कोणासही माळरानातून जबाबदारीने हिंडण्याचा हक्क मिळाला आहे. पण हक्क मिळाला म्हणून वाट मिळतेच असे नाही! ह्या बेटाचा खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांचा. त्यात पाणी मुरत नाही, म्हणून ते जागोजाग साचते. साचलेल्या पाण्यात गवत-शेवाळ पुरते कुजत नाही आणि त्याचे थरांवर थर चढत जातात. त्यालाच पीट म्हणतात. बेटकरी ते विटांसारखे कापून, वाळवून चुलीत जाळीत आले आहेत. जाळावयास ते उत्तम असेल. चालावयास मात्र महाकठीण.

ईव्हलच्या पायथ्याशी ओबिसरी नावाचे विस्तीर्ण तळे पसरले आहे. त्याचे पाणी जेथे खाडीस मिळते, तेथे दगडांवर पाय ठेवून पलीकडे जावे लागते; आणि मोठ्या भरतीत हे दगड काही काळ बुडतात. आम्ही थबकलो. परतेपर्यंत पाणी चढले तर?

"आज अष्टमी," कुटुंब म्हणाले. "भांगाची भरती. उधाण असते तर गोष्ट निराळी."

तिचे बालपण कोकणात, खाडीच्या काठी गेलेले. पुण्याच्या ह्या गृहस्थास पंचांग केवळ सणावारांपुरते ठाऊक. त्यातील तिथी सातासमुद्रापलीकडच्या दगडांवरही लागू पडते, हे ध्यानी यावयास तीच सोबत हवी होती. सकाळी धक्क्यावर टिपून घेतलेले वेळापत्रक आम्ही काढून पाहिले. त्या दिवशीच्या भरतीचा आकडा खरोखरच लहान होता.

पलीकडे खरी चढण लागली. आम्ही सवयीप्रमाणे पुढे झालो, नाकासमोर निघालो आणि दहाव्या पावलास गुडघाभर चिखलात रुतलो. "अहो, फार हिरवे दिसते तेथे पाय घालू नका," मागून आवाज आला. "ती खुरटी झुडपे आहेत ना, त्यांच्या कडेने चला." खाजणाच्या बांधावरून चालणारीचे हे ज्ञान! तेव्हापासून ती पुढे आणि आम्ही मागे, असा क्रम लागला.

अर्ध्या चढणीवर ढग उतरले. तिला धाप लागलेली पाहून आमचा नित्यपाठ पुन्हा ओठांवर आला : "पुरे आता. तू येथेच बस."

ती थांबली. "दोन वर्षे बसलेच आहे," ती म्हणाली. "थकले तर मी सांगेन. ते तुम्ही आधीच ठरवू नका."

वारा मोठा होता, म्हणून आमचे निरुत्तर होणे तिला ऐकू आले नसावे.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा ढग फाटले होते. खाली जमीन अधिक की पाणी अधिक, हे सांगता येईना. तळ्यांत बेटे आणि बेटांत पुन्हा तळी. पूर्वेस समुद्रापलीकडे स्कायचे सुळके, दक्षिणेस साउथ यूइस्टचे डोंगर. तिने एका दगडावर बसून घरून आणलेला लाडू सोडला. आता ती आपण होऊन बसली होती. ह्या बसण्यात आणि दोन वर्षांच्या त्या बसण्यात किती अंतर, ते आम्हांस तेथे कळले.

परतताना ते दगड पाण्याबाहेरच होते. पलीकडे जाऊन तिने हात पुढे केला आणि आम्ही तो निमूटपणे धरला.

अलीकडे 'जाऊ नको' हे शब्द ओठांवर आले, की आम्हांस तो गुडघाभर चिखल आठवतो. मग आम्ही एवढेच विचारतो, "मीही येऊ का?"