दोन सुतके, एक आठवडा : व्हिक्टोरिया राणीचा मृत्यू आणि तिची प्रजा

(दीर्घ थ्रेड)

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे गेले. वयाची एकोणसाठ वर्षे पुरी होण्यास दोन दिवस उरले होते. बरोबर सहा दिवसांनी, २२ जानेवारीच्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, आइल ऑफ वाइट या बेटावरच्या ऑस्बोर्न हाऊसमध्ये व्हिक्टोरिया राणीने प्राण सोडला. रानडे जन्मले तेव्हा ती गादीवर येऊन साडेचार वर्षे झाली होती. त्यांचे बालपण, विद्यापीठातील पहिल्या पदव्या, सार्वजनिक सभा, काँग्रेस, हायकोर्टातील न्यायासन हे सारे एकाच राज्ञीच्या छापाच्या रुपयांवर चालले. तारेने बातमी आली तेव्हा महाराष्ट्रातील शिकलेला वर्ग आधीच एका सुतकात होता.

पहिले सुतक निर्विवाद होते. हयातभर ज्यांनी रानड्यांशी वाद घातला, त्या टिळकांनी 'केसरी'त लिहिलेला मृत्युलेख आजही मराठीतील उत्तम मृत्युलेखांत गणला जातो. दुसऱ्या सुतकाचे तसे नव्हते. ते कोणी पाळावे, किती पाळावे आणि मुळात पाळावे का, यावर जगाच्या चार कोपऱ्यांत चार मते होती, आणि त्यातला एक वाद नाशिकच्या एका बोळातल्या माडीवरही झाला.

तिथे जाण्याआधी इंग्लंडची अवस्था पाहिली पाहिजे. त्रेसष्ट वर्षे आणि सात महिने एकच व्यक्ती सिंहासनावर राहिल्याने, राजा मेल्यावर नेमके काय करायचे असते हे माहीत असणारे कोणी फारसे उरलेच नव्हते. मागचा राजा १८३७ साली वारला होता. राणीने मात्र आपल्या अंत्यविधीच्या सूचना स्वतःच लिहून ठेवल्या होत्या. नवरा वारल्यापासून चाळीस वर्षे तिने काळे कपडे घातले, पण स्वतःच्या अंत्ययात्रेत तिला काळा रंग नको होता. पांढरा आणि जांभळा हवा होता. शवपेटीत प्रिन्स अल्बर्टचा घरी घालायचा झगा आणि त्याच्या हाताचा प्लास्टरचा ठसा ठेवला गेला. तिचा स्कॉटिश सेवक जॉन ब्राऊन याचे छायाचित्र आणि त्याच्या केसांची बट डॉ. जेम्स रीड यांनी तिच्याच इच्छेनुसार, कुटुंबीयांच्या नजरेआड, तिच्या डाव्या हातात ठेवली. २ फेब्रुवारीला विंडसर स्टेशनाबाहेर तोफगाड्याचे घोडे बिथरले, साज तुटला, आणि नौदलाच्या खलाशांनी दोर धरून गाडा ओढत नेला. ऐन वेळी सुचलेली ती युक्ती पुढच्या राजांच्या अंत्ययात्रांत परंपरा म्हणून रुजली. ज्या परंपरा अनादी वाटतात, त्यांतल्या कित्येकांचा जन्म असाच एखाद्या तुटलेल्या पट्ट्यातून झालेला असतो.

त्याच विंडसरमध्ये एका हिंदुस्थानी माणसाचे दुःख कोणालाच नको होते. आग्र्याचा अब्दुल करीम १८८७ पासून राणीच्या सेवेत होता. तिला हिंदुस्तानी लिहायला-वाचायला शिकवणारा हा 'मुन्शी' दरबारातील गोऱ्यांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षे सलत होता. शवपेटी बंद होण्यापूर्वी अंत्यदर्शनाची मुभा त्याला नव्या राजाने दिली. परंतु अंत्यविधी उरकताच त्याच्या घरातील राणीची पत्रे मागवून जाळण्यात आली आणि त्याला आग्र्याला परत धाडण्यात आले. साम्राज्याने प्रजेकडून शोकाची अपेक्षा केली होती, पण तो शोक ठरवून दिलेल्या अंतरावरून व्हायला हवा होता.

आयर्लंडमध्ये राणीची आठवण वेगळीच होती. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात तिथे दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. १९०० च्या एप्रिलमध्ये राणी डब्लिनला आली तेव्हा मॉड गॉन या आयरिश क्रांतिकारक स्त्रीने तिला 'दुष्काळाची राणी' ठरवणारा लेख लिहिला आणि सरकारने तो अंक जप्त केला. राणीने दुष्काळग्रस्तांसाठी फक्त पाच पौंड दिले, ही कथा तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कागदपत्रे सांगतात की तिने दोन हजार पौंड दिले होते. कथा खोटी आहे, पण ती का टिकली हा प्रश्न खोटा नाही. ज्यांच्या घरातून माणसे उठली, त्यांना दोन हजार आणि पाच यांतला फरक जाणवण्याजोगा नव्हता.

आणि दक्षिण आफ्रिकेत तर युद्धच चालू होते. राणी गेली त्यानंतर दोन दिवसांनी, २४ जानेवारीला, एमिली हॉबहाऊस ही इंग्रज बाई ब्लूमफाँटेनला पोहोचली आणि बोअर स्त्रिया-मुलांना जिथे कोंडले होते त्या छावण्या तिने प्रथमच डोळ्यांनी पाहिल्या. युद्ध संपेपर्यंत त्या छावण्यांत सव्वीस हजारांहून अधिक बोअर स्त्रिया आणि मुले मेली, त्यांत मुलेच जास्त. आफ्रिकी लोकांच्या वेगळ्या छावण्यांतील मृत्यूंचा हिशेब ठेवण्याची तसदीही नीट घेतली गेली नाही. तेथील आईला राणीच्या सुतकाविषयी विचारायला कोणी गेले नसणार.

याच दक्षिण आफ्रिकेत, डर्बनमध्ये, मात्र हिंदी लोकांनी शोक केला. राणीच्या मृत्यूची बातमी येताच नाताळमधील हिंदी समाजाच्या वतीने सांत्वनाची तार गेली. २ फेब्रुवारीला, अंत्यविधीच्या दिवशी, हिंदी लोकांनी तेथील राणीच्या पुतळ्यापाशी पुष्पचक्र वाहिले. या सगळ्यात पुढे होते एकतीस वर्षांचे बॅरिस्टर मोहनदास करमचंद गांधी.

आजच्या वाचकाला हे वाचून अवघडल्यासारखे होते. चार वर्षांपूर्वी त्याच डर्बनच्या रस्त्यावर गोऱ्यांच्या जमावाने गांधींना मारले होते. नाताळ सरकारने हिंदी लोकांचा मताधिकार आणि प्रवेश रोखणारे कायदे केले होते. तरीही बोअर युद्धात गांधींनी सुमारे अकराशे हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारून साम्राज्याची सेवा केली. याला निव्वळ लाचारी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने काही उलगडत नाही. गांधींच्या अर्जांमध्ये एक दस्तऐवज पुन्हापुन्हा येतो : १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा. बंडानंतर कंपनीचे राज्य संपवताना राणीच्या नावाने वचन दिले गेले होते की वंश किंवा धर्म न पाहता प्रजाजनांना सरकारी पदे खुली राहतील. त्या वाक्यात 'शक्य असेल तितपत' अशी पळवाटही होती, आणि राज्यकर्त्यांनी ती पुढे मनसोक्त वापरली. हिंदी नेत्यांनी मात्र पळवाट वगळली आणि वचन उचलले.

महाराष्ट्रात याची उदाहरणे पुष्कळ सापडतात. १८७७ च्या दिल्ली दरबारात, राणीला 'कैसर-ए-हिंद' घोषित करण्याच्या सोहळ्यात, सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी खादीचे कपडे घालून गेले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेइतकाच राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा अशी मागणी त्यांनी मांडली. १८८८ साली राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानार्थ पुण्यात झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात आले. दागदागिन्यांनी मढलेले हे पाहुणे म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरी रयत खेड्यांत आहे, हे तुमच्या आईसाहेबांना सांगा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मनाविरुद्धच्या बालविवाहाशी कोर्टात झुंजणाऱ्या रखमाबाईंनीही १८८७ च्या ज्युबिली वर्षात राणीकडेच आशेने पाहिले. (राणीने स्वतः तो विवाह रद्द केला, ही लोकप्रिय कथा मात्र खरी नाही; १८८८ साली उभयपक्षी तडजोड झाली.) या तिघांचे राजकारण एकमेकांपासून फार दूर होते. तिघांनाही हे मात्र कळले होते की कलेक्टर, मामलेदार, न्यायाधीश यांच्या डोक्यावरून जिथे दाद मागता येईल, असे एक नाव हाताशी आहे. ते नाव राबवणारी बाई प्रत्यक्षात काय करू शकत होती, हा प्रश्न गौण होता. तिच्या वचनाची आठवण करून देत राहणे हेच त्यांचे हत्यार होते.

म्हणून राणी गेली तेव्हा ज्यांनी सभा घेतल्या, त्यांतले सगळे रावबहादुरकीच्या आशेने आले होते असे धरून चालणे इतिहासाला धरून नाही. काही निश्चितच त्यासाठी आले होते. परंतु काहींना एक जामीनदार गेल्याचे खरोखर वाईट वाटले होते, जरी त्या जामिनावर हाती फारसे काही पडले नव्हते.

आता नाशिक. तिळभांडेश्वराच्या बोळात, कवी गोविंद म्हणजे आबा दरेकर यांच्या माडीवर 'मित्रमेळा' नावाची तरुणांची संघटना जमत असे. राणीच्या मृत्यूनंतर तिथे प्रश्न निघाला की आपणही दुखवट्याचा ठराव करावा काय? करावा म्हणणारे भित्रे नव्हते. त्यांचा हिशेब असा की गावोगाव सभा होत असताना आपणच गप्प राहिलो तर पोलिसांची नजर आपल्यावर वळेल, एक ठराव केल्याने काही बिघडत नाही. सतरा वर्षांच्या विनायक सावरकरांनी याला विरोध केला. इंग्लंडची राणी ही आपल्या शत्रूची राणी आहे, तेव्हा तिचे सुतक आपल्याला नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा प्रसंग मुख्यतः सावरकरांनीच पुढे लिहिलेल्या आठवणींतून कळतो, आणि मोठेपणी सांगितलेल्या तरुणपणाच्या गोष्टी जरा जपूनच वाचाव्या लागतात. तरीही त्या माडीवरचे वातावरण समजून घ्यायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

कारण त्या मुलांची राणी १८५८ ची नव्हती, १८९७ ची होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघड झाला. पुढच्या वर्षी पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, माणसे बाहेर काढली, सामान रस्त्यावर जाळले. त्याच वर्षी राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव होता. २२ जून १८९७ च्या रात्री, त्या महोत्सवाच्या मेजवानीवरून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला गोळी घातली. चापेकर आणि त्यांचे साथीदार फासावर गेले. टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. वर १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ. सावरकरांच्या स्वतःच्या घरातही वडील आणि चुलते १८९९ साली प्लेगनेच गेले होते. या मुलांना जाहीरनामा वाचून दाखवणे म्हणजे सरणावर बसून कर्जरोखा वाचण्यासारखे झाले असते.

एक आकडा इथे नोंदवला पाहिजे. राणी गेल्यावर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ मार्च १९०१ रोजी, शिरगणती झाली. १८९१ मध्ये मुंबई शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ भरली होती. आता ती ७,७६,००६ भरली. गिरण्या वाढत होत्या, बंदर वाढत होते, व्हिक्टोरिया टर्मिनसचे घुमट नवे होते, आणि माणसे पंचेचाळीस हजारांनी कमी. काही मेली होती, काही गाव सोडून पळाली होती. शोकसभांच्या ठरावांमध्ये या माणसांना जागा असणे शक्यच नव्हते.

कलकत्त्यात व्हाइसरॉय कर्झनने दुःखाला संगमरवराचा आकार द्यायचे ठरवले. संस्थानिक आणि धनिकांकडून कोटीच्या वर रुपये जमले, मकराण्याचा दगड आला, १९०६ साली कोनशिला बसली. इमारत पुरी होईपर्यंत १९११ साली राजधानीच दिल्लीला हलल्याची घोषणा झाली. अखेर २८ डिसेंबर १९२१ रोजी राणीचा पणतू, प्रिन्स ऑफ वेल्स, याच्या हस्ते व्हिक्टोरिया मेमोरियलचे उद्घाटन झाले. हाच राजपुत्र १७ नोव्हेंबरला मुंबईत उतरला, त्या दिवशी परळला विलायती कापडाची होळी झाली आणि शहरात दंगल उसळली. ती होळी पेटवणारे होते गांधी, वीस वर्षांपूर्वी डर्बनला पणजीच्या पुतळ्यापाशी पुष्पचक्र वाहणारे. सावरकर तेव्हा अंदमानातून आणले जाऊन रत्नागिरीच्या तुरुंगात होते.

मुंबईतही राणीचा संगमरवरी पुतळा होता. मॅथ्यू नोबलने घडवलेला, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, १८७२ पासून फोर्टात बसलेला. १८९६ साली चापेकरांनी त्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. ते डाग काही केल्या निघेनात. शेवटी त्रिभुवनदास गज्जर या हिंदी रसायनशास्त्रज्ञाने आपल्या विद्येने ते काढले. डांबर फासणारे आणि ते पुसणारे, दोघेही इथलेच. स्वातंत्र्यानंतर पुतळा हलला. आता तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, नाक तुटलेल्या अवस्थेत बसला आहे. त्या संग्रहालयाचे जुने नाव 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट'. शेजारच्या उद्यानाला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव देऊन कित्येक दशके झाली. तरी पेंग्विन पाहायला मुलांना घेऊन निघालेली माणसे टॅक्सीवाल्याला 'राणीचा बाग'च सांगतात.