कार्बन, कालवा आणि तात्या

फ्रेड हॉईल देव मानत नव्हता. विश्वाला सुरुवात होती ही कल्पनाच त्याला खटकायची. १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर त्याने तिला ‘बिग बँग’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. केंब्रिजला जयंत नारळीकर त्याचे विद्यार्थी. १९६४ साली दोघांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. नारळीकरांची पुस्तकं वाचत मोठ्या झालेल्या माझ्यासारख्यांना त्यामुळे हॉईल घरचाच वाटतो. गंमत अशी, की विश्वाला कर्ता आहे म्हणणारे लोक साक्षीला बोलावतात तेही हॉईललाच.

कारण कार्बन. ताऱ्याच्या पोटात दोन हेलियम एकत्र येऊन बेरिलियम होतं, पण ते जवळपास तत्क्षणी फुटतं. तिसरा हेलियम येऊन कार्बन व्हायचा तर कार्बनच्या केंद्रकाला नेमक्या जागी एक ऊर्जापातळी हवी. १९५३ साली हॉईलने कॅलटेकच्या प्रयोगवाल्यांना ती शोधायला लावली आणि सापडली: ७.६५ एमईव्ही. ऑक्सिजनची अशीच एक पातळी मात्र जराशी खाली बसते, म्हणून सगळा कार्बन पुढे ऑक्सिजन होऊन संपत नाही. १९८१च्या एका लेखात खुद्द हॉईलने लिहिलं, की कुणा महाबुद्धीने भौतिकशास्त्रात हात घातलेला दिसतो.

हे सगळं दोन मिनिटांच्या व्हिडिओत बसवून आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. मी शनिवारी हिंजवडीहून जळोचीला आलो तर तात्या, म्हणजे वडील, मोबाईल घेऊन बसलेले. “आरं, ह्यो आकडा खरा हाय का?”

आकडा खरा आहे. पण किती बारीक, हे मोजायला कुठून सुरुवात करता त्यावर ठरतं. १९८९ साली मारिओ लिव्हिओ आणि सहकाऱ्यांनी हिशोब मांडला, की ही पातळी ०.०६ एमईव्ही वर सरकवली तरी ताऱ्यांत तयार होणाऱ्या कार्बनमध्ये मोठा फरक पडत नाही. शून्यापासून मोजलं तर ही ढील एक टक्क्याहून कमी, म्हणजे चमत्कार. पण इथे कामाची आहे ती तीन सुट्या हेलियमच्या वरची उंची, आणि ती फक्त ०.३८ एमईव्ही. तिच्याशी तुलना केली तर तीच ढील सोळा टक्क्यांच्या आसपास जाते. एकच आकडा, भागाकार वेगळा. ऑफिसात रिपोर्ट ‘चांगला दिसावा’ म्हणून हा उद्योग रोज चालतो. शिवाय विज्ञानाचे इतिहासकार हेल्गे क्राग यांनी १९५३ची कागदपत्रं तपासून दाखवलंय, की त्या वेळी हॉईलच्या डोक्यात जीवसृष्टी नव्हतीच. ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी बनतात एवढाच प्रश्न होता. जीवसृष्टीची गोष्ट मागाहून चिकटली.

तात्यांना मी उसाचं सांगितलं. बारामतीत एका अंगाला बागायत, दुसऱ्या अंगाला जिरायत. उसातच जन्मलेल्या माणसाला वाटेल, ही जमीन आपल्यासाठीच केलीय. पण ऊस आहे तिथेच तो जन्मला, एवढंच.

तात्या हसले. “आन् कालवा कुणी काढला?”

बिनतोड. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात इंग्रज सरकारने काढला. नकाशे आहेत, खर्चाचे हिशोब आहेत. मी म्हणालो, कालवे आपण शेकडो पाहिलेत, म्हणून एकाकडे बघून काढणारा ओळखता येतो. विश्व एकच पाहिलंय. इतर विश्वांत हे आकडे काय असू शकले असते हे माहीत नसताना ‘अशक्य योगायोग’ हा शब्द कुठून आणायचा? हे माझं म्हणणं मला आजही पटतं. तात्यांना ते वकिली वाटलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, “एवढा बारीक आकडा लावणाऱ्याला तुझ्या आईचा ऑक्सिजन लावता आला नसता व्हय?”

आई २०२१च्या एप्रिलमध्ये गेली. यावर मी काही बोललो नाही.

तात्यांनी माळ काढलेली नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते तेव्हा ते सोबत चालतात, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण बघतात, पुढे पंढरपूरपर्यंत जातात. त्यांचा विठ्ठल कार्बनच्या पातळीवर उभा नाही. तो व्हिडिओ खोटा निघाला असता तरी त्यांनी वारी चुकवली नसती. मोरोपंतांनी याच बारामतीत ‘केकावली’ लिहिली. तिच्यात देव आहे का याची चर्चा नाही, देव आहे असं धरून त्याला मारलेल्या हाका आहेत. व्हिडिओतला देव मला उलट कोरडा वाटतो. आकडे भरून निघून गेलेला, सपोर्टचा फोन न उचलणारा.

म्हणून माझ्याकडे सगळी उत्तरं आहेत असं नाही. निर्वात पोकळीतल्या ऊर्जेचा साधा सैद्धांतिक अंदाज आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांत सुमारे १२० शून्यांची तफावत येते. तिथे भागाकार बदलून काम भागत नाही. असंख्य विश्वं मानली तर सुटतं, असं म्हणणारे आहेत. पण ती विश्वं दाखवता येत नाहीत, आणि न दाखवता येणाऱ्या गोष्टीवर भिस्त ठेवायची तर तात्यांना अडवायचा मला अधिकार काय? तेवढं सोडून बाकीचं मी त्यांना समजावलंय. पुढच्या शनिवारी ते बहुतेक हेच विचारणार.